घरात दोघी

'घरात दोघी आहेत. सगळं ठीक.'

मोबाइलवर हिरव्या अक्षरांत हे वाक्य आलं आणि मी निर्धास्तपणे मोबाइल बाजूला ठेवला. डबा उघडला, पोळीचा तुकडा मोडला, आणि तोंडापर्यंत नेता नेता हात थांबला. दोघी? आईंबरोबर दुसरी कोण? तुषार, माझा नवरा, पुण्याला. लेक हॉस्टेलवर. कामवाली सकाळीच भांडी करून निघालेली. मग एकदम डोक्यात प्रकाश पडला. त्या दोघींतली दुसरी मी होते! आणि मी तर गावाच्या पार दुसऱ्या टोकाला, बीज तपासणी प्रयोगशाळेत, दुपारबंदीत अडकून बसले होते.

नीट क्रमाने सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल ही बाई काय बरळतेय.

अकोल्याला ऊन नवीन नाही. माझ्या लहानपणी पारा पंचेचाळीसला गेला की लोक नुसतं "आज जरा तापलंय" म्हणायचे आणि डोक्याला दुपट्टा गुंडाळून बाजाराला जायचे. आता एप्रिलमध्येच अठ्ठेचाळीस होतात आणि मे महिन्यात तर विचारूच नका. म्हणून तीन उन्हाळ्यांपासून दुपारबंदी आली आहे. बारा वाजता भोंगा होतो, आणि चारपर्यंत रस्त्यावर माणूस दिसता कामा नये. दुपारी एसी लावायलाही बंदी, कारण सगळ्यांनी लावले की अख्ख्या गावाची वीज बसते. जो तो जिथे असेल तिथे दारं लावून पडून राहतो.

अशा गावात घर गार ठेवायचं यंत्र घ्यावं की नाही, यावर आमच्याकडे महिनाभर खल चालला होता. तुषार इंटरनेटवर दहा दहा लोकांचे अभिप्राय वाचायचा आणि जेवताना आम्हाला ऐकवायचा. मी म्हणायची, घेऊन टाक बाबा एकदाचं, कान किटले. विरोध होता तो फक्त आईंचा. आई म्हणजे माझ्या सासूबाई, पंचफुलाबाई गावंडे. बाळापूरकडच्या, ठसठशीत वऱ्हाडी बोलणाऱ्या, आणि माझ्यावर माझ्या आईपेक्षा जास्त ओरडणाऱ्या.

"कूलर काय वाईट हाय?" त्या विचारायच्या. "बटन दाबलं का हवा येते. त्याले इचार करा लागत नाही."

पण यंत्र खरोखर हुशार होतं, हे मी आजही नाकारणार नाही. कंपनीने त्याचं नाव 'गृहशीत' ठेवलं होतं. त्याचं शास्त्र अगदी सोपं आहे. प्रत्येक तापलेली वस्तू उष्णतेच्या लहरी बाहेर टाकत असते. त्यातल्या बऱ्याचशा हवेतच अडकतात. पण काही ठरावीक लांबीच्या लहरी हवेला न जुमानता थेट अवकाशात निघून जातात. गच्चीवर असा लेप दिलेला पत्रा बसवतात की तो नेमक्या त्याच लहरी बाहेर टाकतो. त्यामुळे रात्री तो आजूबाजूच्या हवेपेक्षाही गार पडतो. त्याखालून पाणी फिरवायचं, गार झालेलं पाणी अंगणाखालच्या टाकीत साठवायचं, आणि दिवसा तेच छतातल्या बारीक नळ्यांमधून खोल्याखोल्यांत खेळवायचं. कॉम्प्रेसर नाही, गरगर नाही. फक्त एक छोटा पंप.

अडचण एकच. टाकीतला गारवा एका दिवसापुरताच असतो. तो कुठल्या खोलीला, केव्हा आणि किती द्यायचा हे ठरवायला डोकं लागतं. ते डोकं म्हणजे बैठकीच्या भिंतीवरची पोळपाटाएवढी पांढरी तबकडी. घरात कोण आहे हे तिला कळतं आणि त्याप्रमाणे ती झडपा उघडते, बंद करते. घरात धडधाकट माणूस असेल तर ती हात आखडता घेते, थोडं तापू देते आणि संध्याकाळसाठी राखून ठेवते. कारण धडधाकट माणसाला गरम झालं की तो स्वतः सांगतो. पण म्हातारं माणूस एकटं असेल तर मात्र हिशेब बघत नाही. खोली गार म्हणजे गारच ठेवते, आणि काही बिनसलं तर थेट उष्माघात पथकाला कळवते. कंपनीवाले याला 'जपणूक' म्हणतात.

ही जपणूक का लागते, तेही सांगते. म्हातारपणी घाम कमी येतो आणि तहानेची जाणीव बोथट होते. शरीर आतून तापत जातं, आणि माणसाला वाटतं की आपल्याला जरा झोप येतेय. गरम होतंय अशी तक्रारसुद्धा करत नाही. या एका गोष्टीसाठी मी यंत्राच्या बाजूने होते, कारण मला नोकरी सोडता येत नव्हती आणि आईंना एकटं सोडवत नव्हतं.

शेवटी घेतलं. त्याचे दोन प्रकार होते, एक डोळेवाला आणि एक कानवाला. डोळेवाल्याचे कॅमेरे खोल्याखोल्यांत बसणार म्हटल्यावर आई भडकल्या. "मी लुगडं बदलन आन् हा पाहत बसन काय? नको बाप्पा!" म्हणून कानवाला आला. तुषारने त्याच दिवशी जुना कूलर भंगारवाल्याला देऊन टाकला. आई फाटकापर्यंत कूलरमागे चालत होत्या.

पण नंतर आईंचं आणि यंत्राचं चांगलं जमलं. त्यांनीच त्याचं नाव थंडोबा ठेवलं. फक्त थंडोबाला मराठी येत नव्हतं आणि त्याचं हिंदी आईंना पटत नव्हतं. "माह्या घरात राहते आन् माह्याशी हिंदी बोलते," अशी त्यांची तक्रार. तुषारने कंपनीला किती वेळा लिहिलं असेल! आणि एका शनिवारी संध्याकाळी थंडोबा खरंच म्हणाला, "नमस्कार पंचफुलाबाई. आजपासून आपण मराठीत बोलूया." आईंनी त्याला चक्क हळदीकुंकू लावलं. तबकडीवरचा तो लाल ठिपका अजून तसाच आहे.

त्या नव्या सुधारणेत आणखी एक बदल होता. आधी थंडोबा आमच्या मोबाइलवरून ठरवायचा, कोण घरी आणि कोण बाहेर. पण लोक मोबाइल घरी विसरतात, मग रिकामं घर गार होत बसतं. म्हणून आता शब्दाला पहिला मान, मोबाइलला दुसरा. घरच्या ओळखीच्या आवाजात दाराशी कुणी 'आले' किंवा 'येते' म्हटलं की ते माणूस घरात. 'गेले' किंवा 'जाते' म्हटलं की बाहेर. किती सरळ हिशेब आहे ना?

आता तुम्हीच सांगा, आपल्यात घराबाहेर पडताना 'जाते' कोण म्हणतं?

इतर घरांत निदान चुकून तरी कुणी म्हणत असेल. आमच्या घरात सोयच नव्हती. माझे सासरे एकदा रागारागात "जातो!" म्हणून निघाले आणि मूर्तिजापूरच्या रस्त्यावर ट्रकने त्यांना उडवलं. तेव्हापासून आईंनी तो शब्दच घरातून हद्दपार केला होता. लग्न झाल्यावर पहिल्याच आठवड्यात मी बेसावधपणे "जाते हं आई" म्हटलं, तर त्यांनी मला फाटकातून परत बोलावलं. पाटावर बसवलं, दोन घोट पाणी पाजलं, आणि म्हणाल्या, "आता म्हन, येते." मी हसत हसत म्हटलं. मग मलाच सवय लागली. लेकीला हॉस्टेलवर सोडतानासुद्धा मी तिच्याकडून तीनदा 'येते' म्हणवून घेतलं.

तर तो रविवार. मराठी शिकून थंडोबाला पुरता एक दिवसही झाला नव्हता. सकाळी प्रयोगशाळेतून फोन आला की अंकुरणाच्या एका कपाटाचं तापमान चढतंय. आमच्याकडे शेतकऱ्यांच्या बियाण्यांचे नमुने असतात, ओल्या कागदावर ठेवून पंचवीस अंशांत उगवून बघायचे. कपाट तापलं की अख्ख्या हंगामाचा निकाल चुकतो. मी म्हटलं तासाभराचं काम आहे, बाराच्या आत परत. आई बैठकीत शेंगा सोलत होत्या.

"येते हं आई," मी दारातून म्हटलं.

"ये बाप्पा. पानी पिऊन घे."

दार लोटलं, आणि आतून थंडोबा काहीतरी बोलल्यासारखं वाटलं. मी थांबले नाही. आता आठवतं, तो म्हणाला होता, "स्वागत आहे, ऋतुजा."

कपाटाचा पंखा जळाला होता. दुसरा बसवेपर्यंत भोंगा झाला. चडफडले, पण घाबरले नाही. आई एकट्या आहेत म्हणजे जपणूक चालू असणार, खोली गार असणार. मी बाहेर अडकते म्हणूनच तर ते यंत्र घेतलं होतं. आणि मग दीडच्या सुमाराला डबा उघडला आणि ते वाक्य वाचलं.

खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं: मधली खोली एकोणचाळीस अंश. गारवा संध्याकाळसाठी राखीव.

मी आधी आईंना फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला, पुन्हा तेच. त्यांचा मोबाइल कायम देवघराच्या कोनाड्यात चार्जिंगला असतो. मग ॲपमध्ये लिहिलं, 'मी घरी नाही. जपणूक चालू करा.' उत्तर आलं, 'ही सूचना घराबाहेरून आली आहे. घरातील व्यक्तीकडून खात्री करत आहोत.'

हा नियम का होता तेही मला माहीत होतं. मागच्या वर्षी काही टवाळखोरांनी बाहेरून लोकांच्या यंत्रांत शिरून घरं तापवली होती. तेव्हापासून घरात माणूस असताना बाहेरचा हुकूम चालत नाही. बाहेरून आवाजही आत सोडता येत नाही. फक्त आतला ऐकू येतो. मी मोबाइल कानाला लावला.

पंप बंद होता, त्यामुळे घर अगदी चिडीचूप होतं. मग थंडोबाचा नम्र आवाज आला.

"पंचफुलाबाई, एक खात्री करायची आहे. ऋतुजा घरी आहे, की गेली?"

मग खाट करकरली.

"गेली?" आईंचा आवाज जड येत होता, पण त्यातला ठसका तोच. "हट् मेल्या! भरदुपारी काय अभद्र बोलतं रे? गेली म्हनू नये. येते म्हनून सांगितलं तिनं."

"ऋतुजा येते असं म्हणाली. नोंद बरोबर आहे. धन्यवाद. संध्याकाळसाठी गारवा राखून ठेवू ना?"

"राख बाप्पा, राख. पोरगी दमून येईन. तिले थंडं लागन."

आणि आवाज बंद झाला. मी त्या रिकाम्या प्रयोगशाळेत उभी राहून मोबाइलवर ओरडत होते, "अहो आई, म्हणा ना गेली! म्हणा एकदा, गेली!" आत काही पोचत नव्हतं. बाजूच्या कपाटात तुरीचे कोंब पंचवीस अंशांत मजेत उभे होते. मला इतका संताप आला की त्या काचेवर हात आपटला.

तुषारला फोन लावला. सगळं एका दमात सांगितलं.

"अगं पण ॲपवर तर दोघी दाखवतंय," तो म्हणाला.

"अरे, मी तुझ्याशी प्रयोगशाळेतून बोलतेय!"

"हो, ते कळलं गं. पण मग दोघी कशा दाखवतंय?"

त्या क्षणी तो समोर असता तर मी काय केलं असतं सांगवत नाही. "तुषार, आईंचा आवाज जड झालाय," मी म्हटलं, तेव्हा कुठे त्याने वाद सोडला. त्याने शेजारच्या तायडे वहिनींना फोन लावला. तायडे मंडळी उन्हाळ्यापुरती चिखलदऱ्याला गेलेली. समोरच्या घराला कुलूप. आमची कॉलनी मे महिन्यात अशी अर्धी रिकामीच असते.

मी उष्माघात पथकाला फोन केला. पलीकडची मुलगी शांतपणे बोलली. "मॅडम, तुमच्या घराचं यंत्र मला दिसतंय. वृद्ध व्यक्तीसोबत सक्षम व्यक्ती आहे. आज एकट्या वृद्धांचेच इतके फोन आहेत की आधी तिकडे गाड्या पाठवाव्या लागतात. यादीत तुमचं घर टाकते."

"ती सक्षम व्यक्ती मी आहे! मीच बोलतेय!"

"मग मॅडम, तुम्ही त्यांच्या अंगावर ओला कपडा टाका आणि पाणी पाजा," ती म्हणाली. चूक तिची नव्हती. तिच्यासमोरच्या पडद्यावर मी घरातच होते.

मी पर्स उचलून फाटकाकडे धावले. पहारेकरी आडवा आला. माणसांना दुपारबंदीत सोडलं तर त्याची नोकरी जाणार होती. आमचे साहेब, डॉक्टर बोचरे, आवाज ऐकून खाली आले. मी त्यांना सांगितलं. त्यांनी कपाळावरचा घाम पुसला, एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा आवारात उभ्या असलेल्या बियाण्याच्या गार गाडीकडे.

"माणसांना परवानगी नाही," ते म्हणाले. "बियाण्याला आहे."

मला क्षणभर काही कळलं नाही. मग मी वर पळत गेले आणि तुरीच्या कोंबांचं एक ताट उचलून आणलं. चालक इंगळेकाका गाडीत बसलेलेच होते. मी ताट मांडीवर घेऊन त्यांच्या शेजारी बसले.

"कुठीसा पोचवाचं हे बियानं?" त्यांनी विचारलं.

"माझ्या घरी, काका. आणि लवकर."

रस्त्यात दोनदा पोलिसांनी अडवलं. दोन्ही वेळा ताट बघितलं आणि सोडलं. काचेबाहेर सगळं पांढरं दिसत होतं. कुत्रंसुद्धा नव्हतं रस्त्यावर. मी सारखा मोबाइल बघत होते. चाळीस. घरात दोघी. सगळं ठीक. मी मनात देवाचं नाव घ्यायचा प्रयत्न करत होते आणि त्याच्या जागी सारखं थंडोबाचंच नाव येत होतं. इंगळेकाका एकदाच बोलले. "म्हाताऱ्या मानसाले कूलरच बरा राह्यते, ताई."

घराचं दार उघडलं आणि भट्टीचं झाकण काढल्यासारखी झळ आली.

"ऋतुजा, दार उघडं राहिलं आहे," थंडोबा म्हणाला. "गारवा वाया जातो आहे."

मधल्या खोलीत आई खाटेवर पडल्या होत्या. डोळे अर्धवट उघडे. अंगाला हात लावला तर तव्यासारखं, आणि घामाचा थेंब नाही, कोरडं ठक्क. उशाशी पाण्याचा तांब्या भरलेला तसाच. शेजारी सुपात सोललेले शेंगदाणे आणि खाली टरफलं.

"थंडोबा, सगळं सोड! सगळा गारवा मधल्या खोलीत!" मी किंचाळले.

"ठीक आहे, ऋतुजा. सोडतो."

इतकंच. छतातून पाणी वाहायचा बारीक आवाज सुरू झाला. माझ्या एका वाक्यासरशी त्याने जे केलं ते त्याला सकाळपासून करता येत होतं. टाकी जवळजवळ भरलेली होती.

इंगळेकाकांनी बादली भरली. मी चादर भिजवून आईंच्या अंगावर टाकली, सुपाने वारा घातला, काखेत ओले पंचे ठेवले. त्या पुटपुटत होत्या. मला त्यांनी ओळखलं नाही. मग एकदा ओळखलं. "आली काय पोरी? थंडं ठेवलं ना त्यानं तुह्यासाठी?" मी रडत रडत हो म्हटलं. मी थंडोबाला पथकाला कळवायला सांगितलं, आणि आता घरात असलेल्या माणसाने सांगितल्यावर पथकाची गाडी लगेच निघाली.

त्यांनी आईंना स्ट्रेचरवर घेतलं. बैठकीतून दाराकडे नेताना आईंनी मान वळवली. शुद्ध होती की नव्हती, कोण जाणे. पण उंबरा ओलांडायचा आणि काही न बोलता, हे त्यांच्याने कधी झालंच नसतं. भिंतीकडे बघून त्या म्हणाल्या, "येते रे थंडोबा."

"स्वागत आहे, पंचफुलाबाई," तो म्हणाला.

डॉक्टरांनी खूप केलं, त्यात शंका नाही. पण आतून सगळं शिजल्यासारखं झालं होतं, आधी मूत्रपिंडं, मग यकृत. तुषार रात्रंदिवस कॉरिडॉरमध्ये बसून होता. आठवड्याने आम्ही घरी आलो ते दोघंच. आई परत आल्या नाहीत.

तेरावं झालं, पाहुणे पांगले. समाचाराला चिखलदऱ्याहून तायडे वहिनीही येऊन बसल्या. निघताना चपला घालता घालता हळूच म्हणाल्या, "राग मानू नका, पण यंत्र तसं बरं आहे ना हो? आम्ही घ्यावं म्हणतोय. ह्यांच्या आई आता थकल्यात."

मला राग आला नाही. काय यायचा? ऊन तर त्यांच्याही घरावर आहे. "घ्या," मी म्हटलं. "पत्रा चांगला आहे, टाकी चांगली आहे. फक्त जुना कूलर भंगारात देऊ नका. आणि त्याचं बटण म्हातारीच्या हाताला येईल असं ठेवा." त्या मान डोलावत उठल्या आणि दारात "येते" म्हणून निघाल्या. मी दचकून भिंतीकडे पाहिलं. तायडे वहिनींचा आवाज त्याच्या ओळखीचा नव्हता.

कंपनीने दोन माणसं पाठवली होती. चूक कबूल केली, माफीही मागितली. त्यातला एक तरुण इंजिनिअर दूरच्या राज्यातला होता. त्याने फार सौम्यपणे विचारलं, "मॅडम, तुमच्या भाषेत निघताना 'येते' का म्हणतात?"

"परत यायचं असतं म्हणून," मी म्हटलं. त्याने ते लिहून घेतलं.

या सगळ्या दिवसांत एक गोष्ट मी कुणाला बोलले नव्हते, तुषारलाही नाही. थंडोबाच्या हिशेबी आई घरातच होत्या. 'येते' म्हणाल्या होत्या ना! आम्ही दोघं मात्र आता काही न म्हणताच घराबाहेर पडायचो, म्हणून मोबाइलवरून तो आम्हाला बाहेर धरायचा, आणि आम्ही कामावर असलो की मधली खोली जपणुकीत. मी दुपारबंदी संपल्यावर घरी यायची तेव्हा सगळं घर तापलेलं आणि ती एकच खोली गारेगार. मी जाऊन त्या खाटेवर बसायची. मोबाइलवर लिहिलेलं असायचं, 'पंचफुलाबाई घरी आहेत. सगळं ठीक.' खोटं आहे हे कळत होतं हो. पण ते दुरुस्त करायचं तर मला एक शब्द उच्चारावा लागणार होता. हे सगळं सांगतानाही तो मी आईंच्या बाबतीत कुठे वापरला का, बघा.

काल संध्याकाळी दिवा लावला. तुषार बैठकीत पेपर चाळत होता. तेवढ्यात तबकडी उजळली.

"नमस्कार. माझी मराठी सुधारली आहे," थंडोबा म्हणाला. "काही जुन्या नोंदी तपासायच्या आहेत. पंचफुलाबाई घरी आहेत, की गेल्या?"

तुषारने पेपर खाली केला. माझ्याकडे पाहिलं आणि लगेच नजर वळवली. त्याच्याने होणार नव्हतं. मी तोंड उघडलं, आणि खरं सांगते, मला सरळ उत्तरच द्यायचं होतं. पण जीभ वळेना. त्या बाईने ज्या शब्दासाठी मला पाटावर बसवून पाणी पाजलं, तो त्यांच्याच घरात, त्यांच्याचसाठी?

"गेल्या म्हणू नये," मी म्हटलं. "येते म्हणून सांगितलंय त्यांनी."

मला वाटलं, तेव्हासारखाच म्हणेल, नोंद बरोबर आहे, धन्यवाद.

"समजलं," तो म्हणाला. "पंचफुलाबाई गेल्या. नोंद दुरुस्त केली."

मधल्या खोलीच्या छतात झडप बंद झाल्याचा खट्ट आवाज आला आणि पाण्याची झुळझुळ थांबली. तुषार उठला. आता ती खोली तापणार, तिची झळ घरभर पसरू नये म्हणून तो तिचं दार लावायला निघाला. मी त्याला म्हटलं, राहू दे उघडं.